नळातले पाणी मागे फिरते तेव्हा

पाण्याच्या प्रश्नावर सभा भरली की ती दोन गोष्टींवर तापते. पाणी किती तास येते ही एक, आणि पाणीपट्टी किती येते ही दुसरी. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत व त्यांसाठी मोर्चे काढण्यात आमचे निम्मे आयुष्य गेले आहे. परंतु तिसराही एक प्रश्न आहे, आणि त्यावर निघालेला मोर्चा आम्ही अद्याप पाहिलेला नाही. धरणातून आलेले पाणी शुद्धीकरण केंद्रात गाळले जाते, त्यात क्लोरिन घातले जाते, ते तपासले जाते आणि पिण्यास योग्य ठरते. तेच पाणी नळातून दोन-चार किलोमीटर चालून एखाद्या चाळीत पोचते आणि तेथे घरोघर जुलाब, कावीळ, विषमज्वर यांची खाटली पडतात. केंद्रातला कागद खोटा नसतो आणि चाळीतले आजारीही खोटे नसतात. मग पाणी नासले कोठे?

ते वाटेत नासले. या वाटेतल्या नासाडीविषयी चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही इंजिनियर नाही. जे शिकलो ते कारखान्याच्या दारात, चौकशीच्या खोलीत आणि नळकारागिरांच्या शेजारी उकिडवे बसून शिकलो. परंतु ही विद्या अवघड नाही. ज्याच्या घरी तोटी, बादली आणि रबराची नळी आहे, त्याला ती समजते.

प्रथम एक समजूत काढून टाकली पाहिजे. नळ म्हणजे एकमार्गी रस्ता आहे, पाणी त्यातून आपल्याकडेच येते, आपल्याकडून कधी परत जात नाही, असे आपण सर्वजण धरून चालतो. पाण्याला मात्र असली शिस्त नाही. महानगरपालिका कोणती आणि ग्राहक कोण, हे त्याला कळत नाही. त्याला कळतो तो केवळ दाब. जिकडे दाब जास्त तिकडून, जिकडे दाब कमी तिकडे, एवढा एकच कायदा ते पाळते. रस्त्याखालच्या मोठ्या नळातला दाब जोवर आपल्या घरातल्या दाबापेक्षा अधिक आहे, तोवर पाणी घरात येते. हा हिशेब उलटला की पाणीही उलटते. आणि जाताना घरातले, कारखान्यातले, गटारातले जे काही नळाच्या तोंडाशी असेल ते बरोबर घेऊन जाते. यालाच आम्ही उलटा प्रवाह म्हणतो.

हा हिशेब दोन तऱ्हांनी उलटतो. पहिली तऱ्हा ओढीची. पिंपातले रॉकेल नळी लावून डब्यात उतरवताना आपण पाहिले आहे. नळीचे एक टोक रॉकेलात बुडवायचे, दुसरे खाली धरून एकदा ओढ द्यायची. मग रॉकेल आपले आपण पिंपाच्या काठावर चढते आणि डब्यात उतरते. त्याला वर कोण चढवते? आपल्या डोक्यावरच्या हवेचा भार. हवेचा हा भार एवढा आहे की नळीत पूर्ण निर्वात असेल, तर समुद्रसपाटीला पाणी सुमारे १० मीटर, म्हणजे तीन मजले, वर ढकलले जाते. आता पिंपाच्या जागी कपडे भिजवलेली बादली ठेवा आणि नळीच्या जागी तोटीला लावलेली रबराची नळी. पाणीपुरवठा बंद होतो, उताराकडच्या घरांत कोणी तोटी उघडतो, मोठ्या नळातले पाणी खाली उतरते व मागे पोकळी राहते. ती पोकळी आपल्या बादलीतले साबणाचे पाणी ओढून घेते. कोणी मुद्दाम काही केलेले नसते, तरी बादली रिकामी होते.

दुसरी तऱ्हा रेट्याची. येथे मोठ्या नळातला दाब जाण्याची गरज नसते. आपल्या बाजूचा दाब त्याच्याहून वाढला म्हणजे पुरे. कूपनलिकेचा पंप, बाष्पकाचा अर्थात बॉयलरचा पंप, गच्चीवरची उंच टाकी, ही सर्व दाब निर्माण करणारी साधने होत. त्यांचा नळ शहराच्या नळाला कोठे जोडलेला असला, की त्यांच्यातले पाणी शहराच्या नळात शिरू शकते. पिण्याचे पाणी आणि न पिण्याचे पाणी यांची अशी जेथे गाठ पडते, त्या ठिकाणाला आम्ही चुकीची जोडणी म्हणू. ओढ असो वा रेटा, जोडणी असल्याशिवाय तो काही करू शकत नाही. सगळा प्रश्न जोडणीचा आहे.

हे आम्ही शिकलो ते एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात. बरीच वर्षे झाली. एका सोमवारी सकाळी पहिल्या पाळीचे कामगार पाणपोईवर आले आणि तोटीतून निळसर पाणी आले. काहींनी पेला उजेडात धरून पाहिला व ओतून दिला. काहींनी घाईत तसाच घशात ओतला होता. दुपारपर्यंत अकरा जणांना उलट्या सुरू झाल्या व त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. सुदैवाने सर्व बरे झाले.

झाले होते ते असे. शनिवारी रात्री रंगाच्या कुंडात पाणी भरण्यासाठी एका मदतनिसाने नळी लावली. नळी लांब होती, तिचे टोक कुंडाच्या तळाशी गेले. कुंड अर्धे भरले आणि पाणी गेले. पाणी गेले म्हणजे आपण काय करतो? कॉक तसाच उघडा ठेवतो, पाणी येईल तेव्हा येईल म्हणून. त्यानेही तसेच केले व पाळी संपताच तो घरी गेला. रविवारी रस्त्याखालचा नळ रिकामा होत गेला आणि त्याने कुंडातले रंगाचे पाणी नळीवाटे ओढून घेतले. सोमवारी पहाटे पाणी सुटले, तेव्हा आतल्या नळांत उतरून बसलेला तो रंग पुढे ढकलला गेला आणि पहिली तोटी होती ती पाणपोईची.

व्यवस्थापनाने त्याच दिवशी त्या मदतनिसाला निलंबित केले व हलगर्जीपणाचे आरोपपत्र दिले. तो बदली कामगार होता, वय विशीचे. चौकशीत त्याच्या बाजूने आम्ही बसलो. पहिल्या दिवशी आमच्याजवळ दयेच्या विनंतीखेरीज काही नव्हते. मग एका जुन्या नळकारागिराने आम्हांस बाजूला घेऊन विचारले, "अहो, त्या पोराला काय विचारता? नळी एवढी लांब कोणी आणली ते विचारा की!" दुसऱ्या दिवशी आम्ही तेच विचारले. नळी किती लांब आहे? ती कुंडाच्या तळाला का पोचते? कुंडाच्या काठावर पोचेल एवढीच असती तर हे घडले असते काय? कारखान्याचे व्यवस्थापक सरळ मनुष्य होते. त्यांनी आवारात एक बादली, निळीची पूड आणि एक नळी मागवली, आणि सर्वांसमक्ष प्रयोग केला. टोक बुडालेले असता निळे पाणी मागे गेले. टोक पाण्यापासून वीतभर वर धरले तेव्हा नळीने फक्त हवा ओढली. बादलीतला एक थेंबही हलला नाही.

त्यानंतर नळ्या कापल्या गेल्या, त्या कुंडाच्या काठावर लोखंडी पट्टीने टांगल्या गेल्या, आणि पुढे रंगखात्यासाठी वेगळी टाकी बसली. मुलगा कामावर परत आला. निलंबनाच्या आठ दिवसांचा पगार मात्र त्याला मिळाला नाही, आणि तो मिळवून देता आला नाही हे आमच्या मनात अजून आहे. त्याहून एक गोष्ट अधिक सलते. त्या वर्षीच्या आमच्या मागणीपत्रात पगारवाढ होती, बोनस होता, गणवेश होता. नळीबद्दल एक ओळ नव्हती. ती नळी रोज आमच्या सभासदांच्या हातात होती, आणि आम्हांस ती दिसली नव्हती.

या प्रकरणात रंगाने आमच्यावर उपकार केले, असे आम्ही नेहमी सांगतो. पाणी निळे आले म्हणून लोकांनी ते ओतून दिले. जंतूंना रंग नसतो. उलटा प्रवाह बहुतेक वेळा काही क्षणांचा असतो. दाब पुन्हा येतो, पाणी स्वच्छ दिसू लागते, आणि आठ-पंधरा दिवसांनी लोक आजारी पडतात तेव्हा कारण शोधायला मागे काही उरलेले नसते.

अमेरिकेतील वूस्टर शहरातल्या होली क्रॉस महाविद्यालयाची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. १९६९ मध्ये तेथील फुटबॉल संघाला कावीळ झाली. खेळाडू व शिक्षक मिळून ९७ पैकी ९० जणांना संसर्ग झाला आणि दोन सामन्यांनंतर त्या वर्षीचा उरलेला हंगाम रद्द करावा लागला. एकाच संघाला एकाच वेळी कावीळ कशी झाली, याचा शोध लागला तो असा. मैदानावर पिण्याची जी तोटी होती, तिच्याच नळावर हिरवळीला पाणी घालण्याच्या तोट्या होत्या, आणि त्या जमिनीतल्या खड्ड्यांत बसवलेल्या होत्या. शेजारच्या घरात कावीळ झालेली मुले होती. ती त्या खड्ड्यांशी खेळत व खड्ड्यांत पाणी साचलेले असे. ऑगस्टच्या अखेरीस शहरात आग लागली, बंबांनी नळांतून भरमसाट पाणी उपसले, दाब पडला आणि खड्ड्यातले पाणी नळात ओढले गेले. आग एकीकडे लागली आणि आजारी पडले ते दुसरीकडचे. या दोहोंना जोडणारा दुवा जमिनीखाली होता.

त्याच्याही आधी, १९३३ मध्ये, शिकागो शहरात जागतिक प्रदर्शन भरले होते. देशभरचे प्रवासी तेथील दोन मोठ्या हॉटेलांत उतरत. हॉटेले जुनी, नळ वेळोवेळी वाढवत नेलेले, पिण्याचा नळ कोणता व सांडपाण्याचा कोणता, याची शिस्त सुटलेली. चौकशीत या दोहोंच्या गाठी पडलेल्या आढळल्या. अमिबाच्या आवेचा रोग सुमारे १,४०० लोकांना झाला आणि ९८ जण मरण पावले. हा रोग अंगात शिरल्यावर दिसायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर प्रवासी आपापल्या गावी पोचले होते, आणि वेगवेगळ्या गावांतल्या डॉक्टरांपुढे एकेकटे रोगी येत होते. सर्वांनी एकाच ठिकाणचे पाणी प्यायले आहे, हे कळायला म्हणूनच उशीर झाला.

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. तर नव्या काळातली घ्या. नोकिया हे नाव आपल्याकडे फोनमुळे घरोघर ठाऊक झाले. ते फिनलंडमधल्या एका गावाचे नाव आहे, आणि कंपनीला नाव मिळाले ते या गावावरून. लोकसंख्या सुमारे ३०,०००. तेथील मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात प्रक्रिया झालेल्या सांडपाण्याचा नळ आणि पिण्याच्या पाण्याचा नळ एकमेकांना जोडलेले होते. मध्ये काय, तर एक व्हॉल्व्ह. २८ नोव्हेंबर २००७ रोजी दुरुस्तीच्या कामात तो व्हॉल्व्ह उघडला गेला आणि उघडाच राहिला. दोन दिवसांत सुमारे साडेचार लाख लिटर सांडपाणी गावाच्या पिण्याच्या नळांत गेले, आणि ८,००० वर लोक आजारी पडले असा हिशेब पुढे निघाला. संपन्न देश, शिकलेले कामगार, सर्व यंत्रे हाताशी; आणि तरीही एक व्हॉल्व्ह.

हे वाचले तेव्हा आम्हांस त्या रंगखात्यातल्या मुलाची आठवण झाली. व्हॉल्व्ह उघडा ठेवणाऱ्याची चूक होती, यात शंका नाही. परंतु माणूस आज ना उद्या विसरणार, हे जगातल्या प्रत्येक मुकादमाला माहीत असते. मग एका माणसाच्या आठवणीवर हजारोंचे पिण्याचे पाणी टांगून ठेवणारी ती जोडणी ज्याने केली, ज्याने मंजूर केली आणि ज्याने वर्षानुवर्षे चालू दिली, त्याचे काय? जेथे एक व्हॉल्व्ह फिरवताच सांडपाणी पिण्याच्या नळात जाते, तेथे अपघात आधीच झालेला असतो. फक्त तारीख पडायची बाकी असते.

या नियमातून आपला देश सुटलेला नाही. दिल्लीत १९५५ साली यमुनेला पूर आला; तो ओसरताना नदीचे पात्र वझिराबादच्या उपसा केंद्रापासून दूर सरकले आणि खालच्या अंगाला नदीत मिळणाऱ्या नजफगड नाल्याचे मैलापाणी उलट वर सरकून थेट उपशाच्या तोंडाशी आले. येथे तर नळ नव्हताच. मोकळ्या पात्रातच प्रवाह उलटला. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत काविळीचे सुमारे २९,००० रोगी झाले. क्लोरिनची मात्रा वाढवली होती. त्यामुळे विषमज्वरासारखे रोग फैलावले नाहीत, परंतु काविळीचा विषाणू निसटला. पुढे १९८० च्या सुमारास, जपून ठेवलेल्या रक्ताच्या तपासणीवरून, ही कावीळ तोवर ओळखीच्या असलेल्या प्रकारांतली नव्हे हे कळले. आज तिला हेपॅटायटिस ई म्हणतात. क्लोरिन आहे ना, मग काय होते, असे म्हणणाऱ्यांनी दिल्लीची ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तोटीपर्यंत पोचणारे क्लोरिन लिटरमागे मिलिग्रॅमच्या काही दशांशांएवढे असते. किरकोळ जंतूंचा बंदोबस्त ते करील. गटार आत आले तर ते पुरणार नाही.

आता आपल्या गल्लीत येऊ. आपल्याकडे उलट्या प्रवाहाला आगीची वाट पाहावी लागत नाही. होली क्रॉसला जो दाब वर्षातून एकदा पडला, तो आपल्या शहरांतून रोज पडतो, कारण आपले पाणी ठराविक तास येते व मग बंद होते. बंद झालेला नळ म्हणजे रिकामा नळ, आणि रिकामा नळ म्हणजे ओढणारा नळ. त्यात आपल्या जोडण्यांचे नळ गटाराच्या कडेने, कित्येकदा गटारातूनच गेलेले असतात. त्यांना गंज लागलेला असतो, सांधे सैल झालेले असतात. दाब असताना त्या भोकातून पाणी बाहेर गळते. दाब गेला की त्याच भोकातून गटार आत येते. पाणी सुटताच येणारी पहिली गढूळ, वासाची धार ही त्याचीच साक्ष असते.

कर्नाटकातील हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांत २००८ पासून काही प्रभागांना चोवीस तास पाणी मिळू लागले व बाकीच्यांना पूर्वीप्रमाणे काही दिवसांनी एकदा मिळत राहिले. शास्त्रज्ञांनी दोन्हींकडचे तोटीचे पाणी वर्षभर तपासले व २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अखंड पाण्याच्या तोटीत मैल्याचे जंतू क्वचित सापडले. खंडित पाण्याच्या तोटीत ते कितीतरी अधिक वेळा सापडले, आणि विशेषतः पहिल्या धारेत व दाब कमी असताना. याचबरोबर त्यांना असेही दिसले की घरात साठवल्यावर चांगले पाणीही बिघडते. म्हणजे चोवीस तास पाणी मागणे ही चैन नव्हे. नळ सदैव भरलेला व दाबाखाली राहणे, हाच त्याचा पहिला पहारा आहे. यापुढे पाण्याच्या तासांसाठी मोर्चा निघेल तेव्हा हे कारण आम्ही फलकावर लिहिणार आहोत.

त्यात आणखी भर आपण घालतो ती नळाला थेट मोटर लावून. शेजाऱ्याने लावली म्हणून आपण लावतो, आपण लावली म्हणून समोरचा लावतो. मोटर पाणी निर्माण करीत नाही. ती फक्त दुसऱ्याच्या नळातले ओढते, आणि ओढताना वाटेतल्या प्रत्येक सैल सांध्यातून गटारही ओढते. पाणी चोरणे हा तिचा लहान दोष आहे. मोठा दोष हा की ती साऱ्या गल्लीला गटार पाजते, आणि लावणाऱ्याला प्रथम पाजते.

तिसरा प्रकार इमारतींतून फार आढळतो. स्वयंपाकघरात एक तोटी थेट नळाची असते, बाकीच्या गच्चीवरच्या टाकीच्या. पाणी गेल्यावर थेट तोटी कोरडी पडते, म्हणून घरमालक नळकारागिराला म्हणतो, "दोन्ही जोडून टाक, मध्ये कॉक दे." काम अर्ध्या तासाचे. परंतु त्या क्षणापासून चार मजल्यांवरच्या टाकीचा भार शहराच्या नळावर उलटा येऊ शकतो. टाकीत कूपनलिकेचे पाणी असेल, टाकी वर्षभर धुतलेली नसेल, तर ते सारे त्या कॉकच्या भरवशावर. नोकियाचीच ही धाकटी आवृत्ती आहे.

उपाय काय? सर्वांत उत्तम उपाय सर्वांत स्वस्त आहे, आणि तो म्हणजे काहीच नसणे. तोटीचे तोंड आणि खालच्या भांड्याची कड यांमध्ये मोकळी हवा ठेवावी. नियम असा की हे अंतर नळाच्या तोंडाच्या व्यासाच्या निदान दुप्पट असावे आणि कधीही २५ मिलिमीटर, म्हणजे एका इंचापेक्षा कमी नसावे. हवा गंजत नाही, झिजत नाही, तिला कोणी उघडे ठेवून विसरत नाही. मोरीतली तोटी बादलीच्या काठावर असते ती याच कारणाने निर्धोक असते. आपणच तिला नळी लावून तिचा गुण घालवतो. नळी लावावीच लागली तर टोक पाण्यात बुडू देऊ नये, आणि काम होताच तोटी बंद करून नळी काढून ठेवावी. शेतावर किंवा बागेत फवारणीचा पंप भरताना तर हे प्राणाशी गाठ असल्याप्रमाणे पाळावे. औषधाच्या पंपात बुडालेली नळी ही अख्ख्या वस्तीच्या पेल्यात बुडालेली असते. ठिबकातून खत देणाऱ्यांनीही पंप बंद पडला की खताचे पाणी विहिरीत परत जाणार नाही, अशी तजवीज केली पाहिजे.

टाकीलाही हाच नियम. पाणी टाकीत वरून पडावे. येणाऱ्या नळाचे तोंड टाकीतून जादा पाणी वाहून जाण्याच्या नळाच्या वर असावे, म्हणजे टाकी भरली तरी ते बुडणार नाही. जादा पाण्याचा तो नळ उघड्यावर सोडावा, त्याच्या तोंडाला जाळी असावी, आणि तो गटाराला थेट कधीही जोडू नये. शहराचे पाणी व कूपनलिकेचे पाणी दोन्ही हवी असतील, तर दोन नळ दोन ठिकाणांहून टाकीत वरून पडू द्यावेत. त्यांची आपसांत गाठ घालू नये. जमिनीखालच्या टाकीचे झाकण जमिनीपासून उंच व घट्ट असावे, आणि मोटर लावायची ती या टाकीवर, रस्त्याच्या नळावर नव्हे.

जेथे हवेचे अंतर ठेवणे शक्य नसते, तेथे एन.आर.व्ही., म्हणजे एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह बसवतात. तो उपयोगी आहे. परंतु त्याच्या पडद्याखाली वाळूचा कण अडकला की तो पुरता बंद होत नाही, आणि बाहेरून ते दिसत नाही. म्हणून रसायनांच्या कारखान्यांत, रुग्णालयांत, जेथे धोका मोठा, तेथे एकाच्या भरवशावर राहू नये. दोन एन.आर.व्ही. आणि त्यांच्या मध्ये बिघाड होताच पाणी बाहेर ओतून देणारे तोंड, असे जोडयंत्र मिळते. ते गळू लागले की धोका डोळ्यांना दिसतो, हा त्याचा मोठा गुण. तेही वर्षातून एकदा तपासून घ्यावे लागते. न तपासलेले यंत्र म्हणजे भिंतीवरचा देखावा.

कारखान्यातल्या बंधूंना एक अधिक सांगणे आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १८ व्या कलमात पिण्याच्या पाण्याच्या जागेवर बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत पाटी असावी, आणि वरिष्ठ निरीक्षकाची लेखी परवानगी नसेल तर ती जागा संडास, मुतारी व उघड्या गटारापासून सहा मीटरच्या आत नसावी, असे लिहिलेले होते. कायद्याची पुस्तके बदलतात. ते शहाणपण जुने होत नाही. त्यात आपण आपल्या बाजूने एवढे घालावे: जमिनीच्या वर सहा मीटर पाहून भागत नाही, जमिनीखालून पिण्याचा नळ कोठून आला आणि वाटेत कोणाला भेटला, याचा नकाशा मागावा. नकाशा नसेल तर नळांना निरनिराळे रंग देण्यापासून सुरुवात करावी.

पाणी बिघडल्याची शंका आली तर काय करावे, हेही सांगितले पाहिजे. पाण्याला वास, रंग, फेस आला किंवा गल्लीत एकदम जुलाब सुरू झाले, तर ते पाणी पिऊ नये व वापरातल्या पाण्याला चांगली उकळी आणावी. रसायनाचा संशय असेल तर मात्र उकळण्याने काही साधत नाही. ते पाणी वर्ज्यच. आरोग्य कर्मचाऱ्याकडून तोटीशी ओ.टी. चाचणी करून घ्यावी. पिवळा रंग आला तर क्लोरिन शिल्लक आहे. देशाच्या मानकाप्रमाणे ते लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावे. शेजारच्या गल्लीत पिवळा रंग येतो व आपल्याकडे येत नाही, तर मधल्या वाटेत काहीतरी शिरत आहे असा दाट संशय धरावा आणि तेथेच खणायला सांगावे.

शेवटी एक विनंती. मुंबईत पाणी सोडणाऱ्या कामगाराला चावीवाला म्हणतात. इतर शहरांतही असा मनुष्य प्रत्येक भागात असतो. पाणी उशिरा आले की आपण त्याला शिव्या देतो. कोणत्या गल्लीत नळ गटारातून जातो, कोठे सांधा गळतो, कोणी मोटर लावली आहे, हे कचेरीतल्या नकाशापेक्षा त्याला अधिक ठाऊक असते. आणि त्याला कोणी विचारीत नाही, कारण तो कंत्राटी असतो, उद्या असेल की नाही याची खात्री नसते. पाण्याची राखण करणाऱ्याची नोकरी अशी हवेत ठेवणे शहराला परवडणारे नाही. हवेचे अंतर नळाच्या तोंडाशी हवे, माणसाच्या पोटाशी नव्हे.

आज घरी गेल्यावर एवढेच करावे. मोरीत जावे, तोटीला नळी लावलेली आहे काय ते पाहावे, आणि तिचे टोक बादलीत बुडालेले असेल तर वर उचलावे. फार लांब असेल तर कात्री घ्यावी. आमच्या आयुष्यात मान्य झालेली सर्वांत स्वस्त मागणी ती होती, आणि अकरा जणांच्या उलट्या झाल्यावाचून ती करण्याचे आम्हांस सुचले नव्हते. आपणांस तरी ते आधी सुचावे.